अजून फक्त पंचेचाळीस मिनिटं

यंदा नाताळला मी विमानाने जात नाहीये. राजधानीचं तिकीट काढलंय. ऑफिसात सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "मॅम, सोळा घंटे?" मी म्हटलं, विमानाने एकदा एकोणतीस लागले होते. तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय.

मी नोएडात राहते, तेरा वर्षं झाली. घर वसईला. स्टेशनच्या बाजूच्या नव्या टॉवरांतलं नव्हे, पश्चिमेला जिथे अजून थोड्या वाड्या, विहिरी आणि केळी शिल्लक आहेत तिथलं. दर डिसेंबरात इथे कुणीतरी विचारतंच, "आप तो महाराष्ट्रियन हैं ना? फिर क्रिसमस पे घर क्यों?" मग मला पोर्तुगीज, किल्ला, १७३९, चिमाजी अप्पा हे सगळं चहा थंड होईपर्यंत सांगावं लागतं. पोर्तुगीज गेले, चर्चं, आडनावं आणि 'नाताळ' हा शब्द मागे ठेवून गेले. आम्ही घरात कुपारी बोलतो, मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत ऐकतो आणि तरीही दिल्लीकरांच्या लेखी आम्ही गोव्याचेच असतो. असो. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

नाताळचं एक गणित मात्र आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची चिडचिड कळायची नाही. दिवाळीला एक दिवस उशिरा पोचलं तरी दिवाळी शिल्लक असते. गणपतीला चुकलात तर गौरी सापडतात. आमच्याकडे सगळा जीव २४ च्या रात्रीत असतो. दुपारी येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात शेवटचा पेंढा अंथरायचा, संध्याकाळी अंगणातली चांदणी लावायची, रात्री सगळ्या गावाने नवे कपडे घालून चर्चला जायचं. २५ ला काय, जेवणं, पाहुणे आणि झोप. २४ ची रात्र गेली की नाताळ गेला. म्हणून त्या एकोणतीस तासांच्या वर्षी मी शहाणपणा करून २३ ची रात्रीची फ्लाइट घेतली होती, सव्वानऊची. ऑक्टोबरातच काढलेलं तिकीट, तरी जाण्याचेच नऊ हजार चारशे. हाताशी अख्खा एक दिवस राखून ठेवलाय म्हणून स्वतःचंच कौतुक करत मी साडेपाचला खोलीवरून निघाले.

बॅगेत एक लाकडी उंट होता. जनपथवर घेतलेला, वीतभर उंचीचा, पाठीवर लाल-हिरवी झूल. आमच्या गोठ्यात बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे आहेत, मेंढरं आहेत, कधीतरी कुणीतरी आणलेलं एक प्लास्टिकचं बदकही आहे, पण उंट नाही. पप्पा दरवर्षी म्हणायचे की हे राजे पूर्वेकडून इथवर काय विरार लोकलने आले का. तो उंट हातात घ्यायचा तर त्याची मान मोडेल या भीतीने स्वेटरात गुंडाळून चेक-इन बॅगेत टाकला. हे लक्षात ठेवा.

विमानतळावर पोचले तर फलकावर आमच्या फ्लाइटपुढे २२:०० आलेलं. पाऊण तास उशीर. हरकत नाही. मग २२:४५. मग २३:३०. मग ००:४०. प्रत्येक वेळी पाऊण तास, फार तर तासभर. काउंटरवरच्या मुलीला विचारलं की ती म्हणायची, "अजून फक्त पंचेचाळीस मिनिटं, मॅम."

सव्वादहा-साडेदहाची गोष्ट. फलकावर अजून २२:४५ होतं. माझ्या बाजूला बसलेल्या एका कॉलेजातल्या मुलाने फोनवर विमानांचा माग काढणारं अ‍ॅप उघडलं आणि आमचं विमान शोधलं. ते पाटण्यात उभं होतं. जमिनीवर. पाटणा ते दिल्ली साधारण दीड-पावणेदोन तास. म्हणजे जे विमान पंधरा-वीस मिनिटांत आम्हाला घेऊन उडणार होतं, ते अजून आमच्याकडे यायलाच निघालेलं नव्हतं. हे त्या मुलाला त्याच्या फोनवर दिसत होतं. कंपनीच्या नियंत्रण कक्षात बसलेल्यांना दिसत नव्हतं यावर मी विश्वास ठेवावा का?

माझं भांडण इथे आहे. धुक्याशी नाही.

धुकं मला चांगलं माहितीय, तेरा हिवाळे काढलेत. पश्चिमी विक्षोभ पाऊस शिंपडून जातो, जमिनीत ओल राहते. मग रात्री आभाळ मोकळं, वारा पडलेला. जमीन गारठते आणि तिच्या अंगालगतच्या हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होऊन तिथेच लटकत राहतात. पंजाबपासून बिहारपर्यंत सगळी सिंधू-गंगेची सपाटी त्याखाली जाते, आणि पहाटे तर सर्वांत दाट. यात कुणाचा दोष नाही. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर त्यासाठी यंत्रणाही आहे, कॅट थ्री-बी म्हणतात ती. धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतचं दिसत असलं तरी विमान उतरवता येतं, फक्त विमानात ती सोय हवी आणि वैमानिकाने त्याचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. गंमत म्हणजे उडायला मात्र १२५ मीटर लागतात. मला हे उलटं वाटायचं. उतरणं जास्त अवघड ना? पण तशा धुक्यात उतरवण्याचं काम विमान स्वतः करतं, उडताना मात्र ते माणसाच्या हातात असतं. डोळ्यांना समोरची रेघ दिसायलाच हवी.

शिवाय रात्री सव्वानऊला दिल्लीत म्हणावं तसं धुकं नव्हतंच. धुकं होतं त्या दिवशी सकाळी. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळची पहिली फेरी तीन तास अडकली की ती तूट दिवसभर पुढे ढकलली जाते, आणि ती शेवटी येऊन बसते रात्रीच्या प्रवाशाच्या डोक्यावर. म्हणजे आमचा उशीर दुपारी दोनलाच ठरलेला होता. दोन वाजता मी ऑफिसात राजमा-चावल खात होते. तेव्हा एक मेसेज आला असता की रात्री दोनच्या आत विमान निघणार नाही, तर मी खोलीवर झोपून, अलार्म लावून निघाले असते. विमान तेवढंच उशिरा सुटलं असतं. माझी रात्र तरी मला मिळाली असती.

का सांगत नाहीत? एक कारण मला मान्य आहे: मधेच वाट मोकळी झाली, विमान लवकर आलं, तर प्रवासी गेटवर हवेत. ठीक. पण दुसरं कारण नियमांत आहे, आणि ते वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय. आपल्याकडे डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम असा की देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा देऊ करायचा. आणि रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांवर उशीर होणार असेल तर हॉटेलची सोय. आता हाच उशीर पाऊण-पाऊण तासाच्या पुड्या बांधून दिला तर? सहा तास 'होणार आहेत' असं कुणीच कधी म्हटलेलं नसतं. ते फक्त होऊन जातात. आणि तोवर मेट्रो बंद झालेली असते, आणि माणूस एवढा पेंगुळलेला असतो की हॉटेल मागायचं त्याच्या लक्षातही येत नाही.

याउलट रेल्वे बघा. रेल्वेला शिव्या घालण्यात मी कुणाला हार जाणार नाही, विरार लोकलवर वाढलेय. पण गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येत असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर पूर्ण पैसे परत. तीन तास. आणि गाडी आत्ता कुठे आहे ते कुणालाही बघता येतं. मथुरेत असलेली गाडी पुढच्या वीस मिनिटांत दिल्लीच्या फलाटावर येतेय असं सांगण्याचं धाडस स्टेशनमास्तर करत नाही.

मध्यरात्रीनंतर गेटवर एक वेगळंच गाव वसलं. दिमापूरला जाणारी सहा-सात पोरं सकाळच्या विमानासाठी आदल्या रात्रीच येऊन पडली होती, हॉटेल परवडत नाही म्हणून. त्यांच्यात एक गिटार. कोचीला निघालेल्या दोन नर्स, सुट्टी एकूण तीन दिवसांची, त्यातला एक इथेच संपत आलेला. कुणीतरी हळू आवाजात कॅरल धरलं, शब्द तिघांचे तीन भाषांत. मीही मराठीतलं गुणगुणले. खरं सांगू, छान वाटलं. पण विमान कंपन्यांच्या जाहिरातींत असतात तसले 'उशिराने माणसं जोडली' वगैरे प्रसंग मला सांगायचे नाहीत. त्यातल्या एका नर्सने सांगितलं की मागच्या वर्षी तिला सुट्टीच मिळाली नव्हती. ती दर दहा मिनिटांनी उठून फलक बघून यायची.

आरडाओरडाही झाला. एका गृहस्थांनी "तुला माहितीय का मी कोण आहे" पासून सुरुवात केली. मीही एकदा आवाज चढवला, नंतर लाज वाटली. समोरची मुलगी बावीस-तेवीसची असेल, दुपारपासून उभी. तिला जेवढं फलकाला माहीत तेवढंच माहीत. ज्यांना खरं माहीत असतं ते काउंटरवर कधीच नसतात. २०२४ च्या जानेवारीत गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईला उतरवलं आणि प्रवासी तिथे विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले, ते फोटो आठवतात ना? तेव्हा अनेकांनी प्रवाशांना बेशिस्त म्हटलं. तिथे बसणं धोक्याचं होतं हे खरंच, कंपनीला सव्वा कोटीच्या आसपास दंडही झाला. पण बारा-बारा तास काहीच न सांगता ठेवलेली माणसं पुन्हा बसमध्ये कोंडून घ्यायला का नकार देतात, ते मला त्या रात्री कळलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्हाला विमानात बसवलं. टाळ्या वाजल्या, खरंच. दार लागलं. आणि मग काही नाही. आता मात्र खरं धुकं उतरलं होतं; खिडकीतून पंखाच्या टोकाचा दिवासुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा. दोन तास चाळीस मिनिटं आम्ही तसेच बसून होतो. मग कॅप्टनचा आवाज आला. त्याने मात्र सगळं नीट सांगितलं: दृश्यता १२५ मीटरच्या खाली आहे, ती सुधारेपर्यंत थांबलो तर आमच्या ड्यूटीचे तास संपतात, त्यामुळे आम्ही हे विमान नेऊ शकत नाही, माफ करा. पूर्ण रात्रीत कुणीतरी पहिल्यांदा पूर्ण वाक्यात खरं बोललं होतं. गंमत बघा, सर्वांत वाईट बातमी तीच होती आणि तीच ऐकून लोक शांत झाले.

वैमानिकांच्या तासांवरून लोक चिडतात. मी नाही चिडत. चौदा तास जागलेल्या माणसाने मला घेऊन धुक्यातून उडू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. नवीन नियमांत त्यांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली आहे, चांगलंच झालं. पण २०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या नियमांसाठी पुरेशी माणसं जमवलेली नसल्यामुळे देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा निमित्तालासुद्धा धुक्याची गरज लागली नाही. अमेरिकेत २०२२ च्या नाताळात असंच झालं होतं. बर्फाचं वादळ सगळ्यांवरच आलं. बाकीच्या कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या आणि साउथवेस्टची मात्र जवळपास १६,९०० उड्डाणं रद्द झाली, कारण कुठला कर्मचारी कुठल्या शहरात अडकलाय ते त्यांच्या जुन्या यंत्रणेला जुळवता येईना. वीस लाखांवर लोक अडकले. तिथल्या सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. हवामान सुरुवात करतं, पुढचं सगळं माणसांचं असतं. आपल्याकडे मात्र 'हवामान' हा शब्द एकदा उच्चारला की नुकसानभरपाईचा विषय बंद.

विमान सुटलं २४ तारखेच्या दुपारी दोन चाळीसला. त्या मधल्या वेळाबद्दल काही लिहीत नाही. एक थंड सँडविच आणि खुर्चीच्या लोखंडी हाताचा बरगडीवर उठलेला वळ, बस.

मुंबईवर वीस मिनिटं घिरट्या, पाच वीसला चाकं टेकली. आणि पट्ट्यावर माझी बॅग नाही.

आम्हाला उतरवलं तेव्हा बॅगाही उतरवल्या होत्या, पुन्हा चढवताना काही राहिल्या. माझ्यासकट अकराजण. एक काउंटर, एक माणूस, एक पेन. बॅगेचा रंग, चाकं किती, आत काय. 'लाकडी उंट' असं मी लिहिलं तेव्हा त्याने मान वर करून बघितलं. बाहेर पडायला सव्वासात. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी अंधेरीहून विरार लोकलमध्ये चढण्याची ताकद अंगात नव्हती, म्हणून टॅक्सी केली. ज्यांना तो रस्ता माहितीय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. दहिसर, घोडबंदरचा फाटा, वर्सोव्याचा पूल. पुलावर आम्ही इतका वेळ उभे होतो की ड्रायव्हरने इंजिन बंद करून मला दोन बिस्किटं दिली. आईचा फोन दर दहा मिनिटांनी. "कुठे आहेस?" मी म्हटलं, "अजून फक्त पंचेचाळीस मिनिटं." आणि मग माझं मलाच हसू फुटलं. ड्रायव्हर घाबरला बहुतेक.

मिस्सा साडेदहाची होती. मी चर्चच्या मैदानात पोचले दहा पन्नासला, त्याच जीन्समध्ये, दिल्लीच्या थंडीचं जॅकेट वसईच्या हवेत अंगावर. गौरवगीताच्या वेळी घंटा वाजतात, बाळ येशूवरचं वस्त्र काढतात, ज्यासाठी मी दरवर्षी येते ते सगळं होऊन गेलं होतं. प्रवचन मात्र अख्खं मिळालं. आईने न बोलता बाजूला सरकून जागा दिली आणि पर्समधून कागदात गुंडाळलेलं सुकेळं, आमचं वाळवलेलं केळं, काढून हातात ठेवलं. चर्चमध्ये खायचं नसतं. मी खाल्लं.

आता माझं म्हणणं काय, तर फार मोठं नाही. पैसे नकोत, व्हाउचर तर मुळीच नको. फलकावर 'नवी वेळ' लिहिता ना, त्याच्या शेजारी अजून एक ओळ लिहा: तुमचं विमान आत्ता या शहरात आहे. बास. प्रवाशाला पाटणा ते दिल्ली किती वेळ लागतो ते स्वतःचं स्वतः मोजता येतं. दुसरं, उशीर मूळ वेळेपासून मोजा, तुमच्या शेवटच्या थापेपासून नव्हे. आणि तीन तास झाले की परतावा घेऊन जायचं का ते काउंटरवरच विचारा, रेल्वे देते तसं. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. ते त्या कॉलेजातल्या मुलाच्या फोनमध्ये फुकट होतं.

चूक माझीही होती हे आमचा भाऊ सांगतोच. डिसेंबरात दिल्लीहून निघायचं तर सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या मधलं विमान घ्यावं, रात्रीचं शेवटचं कधीच नाही. ते स्वस्त असतं कारण दिवसभराचा उकिरडा त्याच्यावर पडतो. बरोबर आहे. पण सकाळच्या विमानासाठी आणखी एक सुट्टी टाकावी लागते, आणि आमच्या ऑफिसात नाताळ एका दिवसाचा आहे.

राजधानीला धुकं नसतं असं नाही, मला माहितीय. परतीची गाडी उशिरा आली तर तीही उशिरा सुटते. शिवाय एक छळ तिचा खास: सकाळी ती वसई रोडवरून धाडधाड निघून जाते, थांबत नाही. खिडकीतून फलाट दिसतो, आणि आपण बोरिवलीला उतरून उलट्या लोकलने परत यायचं. तरी चालेल. खिडकीतून वसई दिसली म्हणजे वसई आलेली असते.

बॅग मिळाली २९ तारखेला, घरपोच. आतलं सगळं जागच्या जागी, उंटाची मानही शाबूत. मला वाटलं पप्पा हळहळतील, पाहुणे येऊन गेले, गोठा बघून गेले, उंट कुणी पाहिलाच नाही. त्यांनी झूल हाताने साफ केली, राजांच्या मागे पेंढ्यात त्याला उभा केला आणि म्हणाले, "तीन राजांचा सण ६ जानेवारीला. हा आठ दिवस आधीच आला की."

मग थोडं मागे सरून बघितलं. "पण राजे तीन आणि उंट एक?"

दुसरा उंट परवा घेतला. बॅगेत टाकणार नाहीये, मांडीवर घेऊन जाणार आहे. मधला बर्थ मिळालाय, बघू त्याला कुठे झोपवायचं ते.